अठ्ठेचाळीस तासांची शाळा

गेल्या ऑक्टोबरमधली शेवटच्या शनिवारची पहाट. साडेपाच वाजायला दोन मिनिटे होती. चिंचोटीतल्या एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जण एका रेडिओसंचाभोवती बसलो होतो. संच मिक्सरच्या खोक्याएवढा. बाहेर नारळाच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणलेली, तीच आमची अँटेना. महामार्गावरून ट्रक जात होते, तुंगारेश्वरच्या डोंगरावर अजून अंधार होता आणि स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. साडेपाच झाले आणि त्या खरखरीत एकदम जत्रा भरली. एकावर एक चढलेले आवाज, कुणी इटलीतून, कुणी फिनलंडमधून, कुणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. सगळे आपापली ओळख ओरडून सांगत होते.

आमच्यातली अकरावीतली मुलगी घाबरून म्हणाली, ‘‘सर, यातलं एक अक्षरही कळत नाहीये.’’

रविवारी संध्याकाळी तीच मुलगी त्याच कल्लोळातून एकेक स्टेशन वेगळे काढून वहीत बिनचूक उतरवून घेत होती. मधल्या छत्तीस तासांत तिला कुणी व्याख्यान दिले नव्हते. म्हणून या लेखात एक साधे म्हणणे मांडायचे आहे. हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, तो शिकवण्याची सर्वांत चांगली जागा परीक्षेचा क्लास नाही, स्पर्धेचा शनिवार-रविवार आहे. आणि असे शिकलेले लोक वसई-विरारसारख्या पट्ट्यात गावोगाव असणे ही केवळ हौसेची बाब नाही.

आधी स्पर्धा काय असते ते सांगतो. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही हौशी रेडिओचालकांची स्पर्धा १९४८ पासून होते आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती आवाजावर चालते आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर. जागतिक वेळेनुसार शनिवारचे शून्य वाजले की सुरू आणि रविवार संपला की बंद. आपल्या घड्याळात शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच, सलग अठ्ठेचाळीस तास. या वेळात जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायचा. मोबाइलचा टॉवर नाही, इंटरनेट नाही, उपग्रह नाही. आपला संच, आपली तार आणि आकाश.

प्रत्येक संपर्कात सांगायच्या गोष्टी फक्त दोन. समोरच्याचा आवाज कसा येतो याचा आकडा आणि आपल्या विभागाचा क्रमांक. स्पर्धेसाठी जगाचे चाळीस विभाग पाडलेले आहेत, भारताची मुख्य भूमी बाविसाव्या विभागात येते. म्हणून दोन दिवस आमच्या तोंडी एकच पालुपद होते, ‘‘फाइव्ह नाइन, टू टू.’’ दुसऱ्या खंडातल्या स्टेशनाला तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला एक, स्वदेशाला शून्य. त्यामुळे कैरो टोकियोपेक्षा आपल्याला बरेच जवळ असूनही त्याचे तीन गुण आणि टोकियोचा एकच. मुलांनी यावरून भरपूर वाद घातला आणि त्या वादात नकाशा कधी उघडला हे त्यांनाही कळले नाही.

परीक्षा पास, माइक बंद

भारतात हौशी रेडिओ चालवायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. वय बारा वर्षे पूर्ण असले की परीक्षेला बसता येते. परीक्षा दोन श्रेणींची. खालच्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड श्रेणीत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम विचारतात. वरच्या, म्हणजे जनरल श्रेणीत त्याच्या जोडीला मोर्सही येते, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने. उत्तीर्ण झालात, कागदपत्रांची पडताळणी झाली की परवाना आणि जगात दुसऱ्या कुणालाच नसलेली तुमची ओळख, म्हणजे कॉल साइन, मिळते. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची सहसा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होते, जनरलवाल्यांची ‘व्हीयू टू’ने.

इथपर्यंत पोहोचणारे लोक दरवर्षी निघतात. क्लास होतात, प्रश्नसंच पाठ होतात, ओमचा नियम घोकला जातो. अडचण त्यानंतर येते. परवाना हाती येईपर्यंत महिने जातात आणि तोवर उत्साह ओसरतो. परवाना आला तरी घरात संच नसतो. संच असला तर सोसायटी अँटेना लावू देत नाही. आणि या सगळ्यांतून पार पडलेल्या माणसाला शेवटी एक अडथळा उरतोच, माइकची भीती.

आमच्या पाच जणांत एक काका होते. आयुष्यभर वायरमनचे काम केले, निवृत्तीनंतर जिद्दीने परीक्षा दिली, परवाना मिळवला. त्यालाही दोन वर्षे झाली होती. पण शॉर्टवेव्हवर ते एकदाही बोलले नव्हते. ‘‘इंग्रजी फाडफाड येत नाही, समोरचा काहीतरी विचारायचा आणि आपण अडकायचो,’’ हे त्यांचे कारण. अशी माणसे मला गावोगाव भेटतात. परवाना फ्रेम करून भिंतीवर आणि आवाज मात्र घशात.

स्पर्धा या माणसाला कशी सोडवते पाहा. तिथे गप्पा मारायच्याच नसतात. सव्वीस अक्षरांचे सव्वीस ठरलेले शब्द, अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे, दहा आकडे आणि ‘थँक्यू’. एवढ्या शब्दसंपत्तीवर जगाशी बोलता येते. मराठी माध्यमाचा मुलगा आणि इंग्रजी माध्यमाची मुलगी इथे एकाच रांगेत उभी असतात. शिवाय समोरच्यालाही तुमचा संपर्क हवाच असतो, कारण भारत मिळाला तर त्याची गुणसंख्या वाढते. एरवी नवख्याने कुणाला हाक मारायची म्हणजे संकोच. स्पर्धेत उलट, तो नवखा सगळ्यांना हवा असतो.

पावणेसहाच्या सुमारास काकांनी इटलीतल्या एका स्टेशनाला उत्तर दिले. हात थरथरत होता, स्वतःचीच कॉल साइन सांगताना शेवटचे अक्षर चुकले. पलीकडच्या माणसाने शांतपणे पुन्हा विचारले. दुसऱ्या खेपेला बरोबर गेली. ‘‘फाइव्ह नाइन, टू टू’’, ‘‘थँक्यू’’, आणि पुढचा. वीस सेकंदांत सगळे आटोपले. काका दोन मिनिटे गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘अजून एक करू?’’

बाकीच्या तिघांकडे परवाना नव्हता. परवाना नसलेल्याने माइक हातात घ्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम, आणि तो मोडायचा नसतो. पण त्यामुळे ती तिघे रिकामी बसली नाहीत. ऐकणे, नोंद करणे, घड्याळ पाहणे, कुठल्या वेळी कुठला पट्टा उघडतो याचा तक्ता ठेवणे ही कामे त्यांची होती. मी तर म्हणेन, बोलण्याआधी दोन दिवस नुसते ऐकायला मिळणे हा त्यांचा फायदाच झाला.

कान कसा तयार होतो

गर्दीच्या आवाजातून एकच आवाज निवडून ऐकण्याची माणसाची क्षमता हा विज्ञानाचा जुना विषय आहे. ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये हेडफोनवर एकाच वेळी दोन संदेश ऐकवून त्याचा अभ्यास केला. समारंभाच्या गोंगाटातही आपण समोरच्याचे बोलणे ऐकू शकतो, यावरून या क्षमतेला ‘कॉकटेल पार्टी परिणाम’ असे नाव पडले. आवाजाची पट्टी, लय, दिशा आणि पुढे काय येणार याचा अंदाज, यांच्या आधाराने मेंदू ही निवड करतो.

रेडिओवर दिशेची मदत नसते, सगळे एकाच स्पीकरमधून येते. म्हणून बाकीचे आधार पक्के व्हावे लागतात आणि ते सरावाने होतात. आमच्या मुलीने पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त आकडे ओळखले. संध्याकाळी तिला देशाची पहिली दोन अक्षरे पकडता येऊ लागली. रविवारी ती पूर्ण कॉल साइन घेऊ लागली, तीसुद्धा अर्धवट ऐकू आलेली पुन्हा विचारून, अंदाजाने न भरता.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. स्पर्धा संपल्यावर सगळ्यांनी आपापल्या नोंदी पाच दिवसांत आयोजकांकडे पाठवायच्या असतात. मग संगणकावर प्रत्येक नोंद समोरच्या स्टेशनाच्या नोंदीशी ताडून पाहतात. तुम्ही एक अक्षर चुकीचे लिहिले असेल तर तो संपर्क रद्द होतोच, वर दंडही बसतो. नंतर तुमच्या चुकांचा तपशीलवार अहवाल तुम्हाला मिळतो. अमुक वाजता तुम्ही हे लिहिलेत, खरे ते होते. आपल्या शाळांत तपासलेली उत्तरपत्रिका इतक्या बारकाईने क्वचितच परत मिळत असेल.

डोक्यावरचा आरसा

पण एवढीशी तार आणि जुन्या पिवळ्या बल्बाएवढी, म्हणजे शंभर वॅट शक्ती, आणि आवाज युरोपात कसा जातो? उत्तर डोक्यावर आहे. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतले अणू-रेणू विद्युतभारित होतात. त्या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. शॉर्टवेव्हच्या लहरी तिथून वळून परत जमिनीवर येतात, जमिनीवरून उसळून पुन्हा वर जातात आणि अशा उड्या मारत हजारो किलोमीटर अंतर कापतात.

आयनांबराचे थर असतात. साठ ते नव्वद किलोमीटरवरचा ‘डी’ थर फक्त दिवसा असतो आणि तो खालच्या वारंवारितेच्या लहरी गिळतो. दोनशे किलोमीटरच्या वरचा ‘एफ’ थर रात्रीही टिकतो आणि लहरी परतवतो. म्हणून चाळीस मीटरच्या पट्ट्यावर पहाटे आमच्यासमोर युरोप उघडा होता आणि ऊन वर आल्यावर तो पुसट होत गेला. मग आम्ही पंधरा आणि दहा मीटरवर गेलो, तिथे सकाळी जपान आणि दुपारी पुन्हा युरोप. रात्री परत चाळीस मीटर. पाठ्यपुस्तकात आयनांबरावर चार ओळी असतात. इथे मुलांनी दोन दिवस तासातासाला तो जागा होताना आणि झोपताना ऐकला. सूर्याचे सध्याचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये ऐन भरात आले. त्या चढत्या काळात दहा मीटरचा पट्टा कसा फुलतो, हेही अनेकांनी असेच कानांनी अनुभवले.

या शास्त्राशी आपल्या कोकणपट्टीचे नाते जुने आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत होत. सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड सौरवादळाची नोंद तिथे झाली, ती आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मापनात गडबड होऊ नये म्हणून हे काम अलिबागला हलवले. तिथली वेधशाळा १९०४ पासून चालू आहे.

आणि हौशी लोकांचे विज्ञानाला देणेही लहान नाही. १९१२ मध्ये अमेरिकेने हौशी रेडिओवाल्यांना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरी देऊन टाकल्या, कारण त्या निरुपयोगी मानल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये याच हौशी लोकांनी शंभर मीटरच्या आसपासच्या लहरींवर अटलांटिकच्या दोन तीरांवरून एकमेकांशी संवाद साधला आणि ‘निरुपयोगी’ शॉर्टवेव्हचे भाग्य उघडले. अलीकडे २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हौशी चालक आणि शास्त्रज्ञांनी मिळून खास स्पर्धाच भरवली होती. सावली सरकते तसे आयनांबर कसे बदलते, याची माहिती त्या हजारो संपर्कांतून गोळा झाली.

आमच्या चाळीस मीटरच्या पट्ट्याची एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली. १९४२ च्या चले जाव आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. पोलिसांना चुकवत जागा बदलत तो काही आठवडे चालला, १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडला गेला. त्याची लहर होती ४२.३४ मीटर. गणित करून पाहा, ही वारंवारिता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज तो आकडा हौशी लोकांच्या चाळीस मीटर पट्ट्याच्या आत आहे. काकांनी लगेच संचाची कळ तिथवर फिरवली. तिथे एक रशियन स्टेशन बोलत होते.

चिंचोटीतच का

आता या सगळ्याचा चिंचोटीशी काय संबंध, असे कुणी विचारेल. ७ जुलै २०१८ चा शनिवार इथल्या लोकांच्या लक्षात आहे. चिंचोटीच्या धबधब्यावर सहलीला आलेले लोक अचानक वाढलेल्या पाण्याने अडकले. अग्निशमन दल, पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्थानिक गावकऱ्यांनी शंभराहून जास्त जणांना बाहेर काढले, एकाचा जीव गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच वसई-विरार पाण्याखाली गेले. रुळांवर पाणी चढले, लोकलगाड्या थांबल्या, अनेक वस्त्यांत वीज गेली, मिठागरातली कुटुंबे पाण्याने वेढली गेली.

त्या दिवशी हॅम रेडिओ असता तर तो जीव वाचला असता, असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. पण वीज गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या धनी असतात आणि चालू टॉवरवरही एकाच वेळी सगळे फोन लावू लागले की कुणालाच लागत नाही, हे २६ जुलै २००५ पासून मुंबईच्या परिसराला ठाऊक आहे. धबधब्याच्या जंगलात तर एरवीही मोबाइलच्या कांड्या एकेक करून गळतात. हातातले वॉकीटॉकी समोरासमोर चालतात, मध्ये डोंगर आला की मुके होतात.

इथे शॉर्टवेव्हचा एक गुण उपयोगी पडतो. अँटेना जमिनीपासून फार उंच नसेल तर तिची बरीचशी शक्ती सरळ वर जाते आणि आयनांबरावरून छत्रीसारखी खाली पसरते. त्यामुळे दिवसा चाळीस मीटरवर आणि रात्री ऐंशी मीटरवर दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात बोलता येते, मध्ये सह्याद्री असला तरी. दरीत बसलेल्या माणसाचा आवाज डोंगराच्या डोक्यावरून पालघर, नाशिक, पुण्यापर्यंत जातो. त्यासाठी लागते काय? संच, गाडीची बॅटरी, वीस मीटर तार आणि ती बांधायला दोन झाडे. रविवारी आम्ही मुद्दाम दोन तास घराचा मेन स्विच बंद करून बॅटरीवर काम केले. ऐकताना दीड-दोन अँपिअर आणि बोलताना वीस अँपिअरपर्यंत खर्च होतो, म्हणून कमी बोलायचे आणि नेमके बोलायचे, हे मुलांनी मीटरच्या काट्यावरून शिकून घेतले.

स्पर्धेचा सराव खऱ्या संकटात कसा कामाला येतो याचे आपल्या देशातले मोठे उदाहरण डिसेंबर २००४ चे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात रेडिओ मोहिमेसाठी गेले होते. १९८७ नंतर अंदमानातून हौशी रेडिओ ऐकू येत नव्हता, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. ही मोहीम म्हणजे स्पर्धेचीच बहीण. दिवसरात्र, कल्लोळातून एकेक हाक वेगळी काढायची. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. त्याच खोलीतले तेच संच आता माणसांच्या खबरा पोहोचवू लागले. यंत्र तेच होते. ती माणसे मात्र आदल्या तीन आठवड्यांत तासन्‌तास सराव करून तयार झालेली होती.

आपल्याकडे दर आपत्तीनंतर यंत्रखरेदीची घोषणा होते. यंत्र विकत मिळते. गोंगाटात कान देऊन ऐकणारा, अर्धवट ऐकले तर पुन्हा विचारणारा, आकडा न चुकवणारा, घाबरून न ओरडणारा माणूस विकत मिळत नाही. त्याला तयार करायला वेळ द्यावा लागतो आणि वर्षातून दोन-तीन शनिवार-रविवार हा काही फार मोठा वेळ नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पहिला आक्षेप असा, की स्पर्धेतला संवाद पोकळ असतो. आवाज नीट येत नसला तरी सगळे सगळ्यांना ‘फाइव्ह नाइन’च देतात. हे खरे आहे आणि मला स्वतःला ते पटत नाही. पण कॉल साइन आणि विभाग बिनचूक घ्यावाच लागतो, तिथे चालढकल चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की आपत्तीत लांबलचक संदेश, नावे, औषधांच्या मात्रा सांगाव्या लागतात, स्पर्धेत तो सराव होत नाही. हेही मान्य. संदेशवहनाच्या वेगळ्या कवायती हव्यातच. स्पर्धा ही पहिली इयत्ता आहे, पण पहिलीत न बसता कुणी चौथीत जात नाही.

तिसरा आक्षेप विचारतो, उपग्रह फोन असताना हे कशाला? उपग्रह फोन जरूर असावेत. पण ते मोजके असतात, ठरावीक अधिकाऱ्यांकडे असतात आणि भारतात सामान्य माणसाला ते परवानगीशिवाय बाळगताही येत नाहीत. हौशी रेडिओचालक वस्तीत राहतो. तिथली पायवाट, ओढा, कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, हे त्याला माहीत असते.

झोप, वीज आणि तार

हे आरोग्याचेही सदर आहे, तेव्हा काळजीच्या चार गोष्टी. अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा म्हणजे अठ्ठेचाळीस तास जागरण नव्हे. किशोरवयीन मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच होते. अनेकांनी मिळून एक स्टेशन चालवण्याची वेगळी श्रेणी स्पर्धेत असते, तिचा फायदा घ्यावा. आम्ही दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या, रात्री दहाला मुले घरी गेली. हेडफोनचा आवाज कमीत कमी ठेवावा, तासाला दहा मिनिटे कानांना सुट्टी द्यावी.

खरा धोका विजेचा. अँटेनाची तार विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून कधीही नेऊ नये, तुटून पडली तरी तिथवर पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो. ढग दिसताच अँटेना संचापासून सोडवून घराबाहेर टाकावी आणि स्पर्धा विसरावी. संच बोलत असताना तारेजवळ कुणी उभे राहू नये, ती हाताला लागेल अशी बांधू नये. या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, पण चालू अँटेनाला हात लागला तर चटका बसतो.

काय करता येईल

मागणी मोठी नाही. वसई-विरार महापालिका आणि पालघर जिल्हा प्रशासनाने पट्ट्यातल्या परवानाधारकांची यादी करावी आणि पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीला त्यांना बोलवावे. तालुक्यातल्या एक-दोन महाविद्यालयांनी गच्चीवर एक कायमची तार आणि एक संच ठेवावा, परवानाधारक प्राध्यापक किंवा माजी विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली. आपल्या विद्यार्थ्यांना हे झेपते का, अशी शंका नको. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या रॉकेटवरून अवकाशात गेला, तो हौशी रेडिओच्याच लहरींवर बोलणारा होता. गृहनिर्माण संस्थांनी गच्चीवरच्या एका तारेला भिऊ नये. आणि आम्ही जुन्या परवानाधारकांनी स्पर्धेच्या दिवशी दार लावून एकट्याने गुण मोजत बसण्याऐवजी दोन खुर्च्या जास्त मांडाव्यात. ही शेवटची सूचना मी आधी स्वतःला केली, कारण माझी पुष्कळ वर्षे बंद दाराआडच गेली.

परवाना नसला तरी सुरुवात करता येते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा शॉर्टवेव्ह संच इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येतो. येत्या ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी तासभर ऐकून पाहा. जवळपास कुणी परवानाधारक असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा, तो नाही म्हणणार नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा संपली तेव्हा आमच्या वहीत दोनशेच्या आसपास संपर्क होते. जगात हा आकडा किरकोळ आहे, पहिल्या नंबरवाले हजारोंत असतात. काही महिन्यांनी चुकांचा अहवाल आला. सहा नोंदी चुकल्या होत्या. त्यांतल्या चार माझ्या होत्या, दोन काकांच्या. मुलीने लिहून घेतलेल्या पानांवर एकही लाल खूण नव्हती. तिने परीक्षेचा अर्ज भरला आहे.